काम सारखं, पगार सारखा, तरी एक घर सुखी आणि दुसरं उपाशी! हे कोडं सोडवण्यात आयुष्य घालवलेल्या एलेनॉर रॅथबोन

मार्च १९४५. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. लंडनच्या संसदेत एका विधेयकावर चर्चा सुरू होती. पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे सरकार दर आठवड्याला घरात ५ शिलिंग देणार होतं. मुलांसाठी थेट रोख रक्कम. ब्रिटनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडणार होतं.

या कायद्यासाठी जिनं जवळपास ३० वर्षं घासली होती, ती बाई त्याच सभागृहात बसली होती. वय ७२. आता फक्त आनंदानं टाळ्या वाजवायच्या होत्या. पण ती उभी राहिली आणि तिनं सरकारला सांगून टाकलं की विधेयक असंच राहिलं, तर आपलं मत विरोधात पडेल.

कारण फक्त एका शब्दाचं होतं. पैसे कुणाचे, या रकान्यात सरकारनं लिहिलं होतं, बापाचे.

या बाईंचं नाव एलेनॉर रॅथबोन. पगार एका माणसाच्या नावानं निघतो, पण त्यावर जगतं सगळं घर, ही साधी गोष्ट त्यांनी अर्थतज्ज्ञांना, कामगार संघटनांना आणि मंत्र्यांना आयुष्यभर समजावली.

पिढीजात श्रीमंत घर

एलेनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ चा, लंडनमधला. पण घराणं लिव्हरपूलचं. रॅथबोन म्हणजे तिथले पिढीजात व्यापारी, जहाजांचे मालक. लिव्हरपूल हे शहर गुलामांच्या व्यापारावर मोठं झालं, पण याच शहरात राहून रॅथबोन घराण्यातल्या पूर्वजांनी त्या व्यापाराला विरोध केला होता. वडील विल्यम रॅथबोन खासदार होते. गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची पद्धत लिव्हरपूलमध्ये त्यांनीच सुरू केली आणि त्या कामात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला.

थोडक्यात, घरात पैसा होता आणि तो पैसा आपल्या एकट्याचा नाही, असा संस्कारही होता.

१८९३ साली एलेनॉर ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. तत्त्वज्ञान आणि ग्रीक-लॅटिन शिकल्या. परीक्षा दिली, पण पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्डमध्ये त्या काळी मुलींना शिकू द्यायचे, पेपर लिहू द्यायचे, पदवी मात्र द्यायचे नाहीत. तो नियम बदलायला १९२० साल उजाडलं.

शिक्षण संपवून त्या लिव्हरपूलला परतल्या. अशा घरातल्या मुलीनं लग्न करावं किंवा फावल्या वेळात दानधर्म करावा, एवढीच अपेक्षा असायची. एलेनॉर यांनी लग्न केलं नाही. दानधर्मात मात्र पडल्या आणि तिथंच त्यांना पहिला धक्का बसला.

गोदीचा नाका आणि घरातली चूल

लिव्हरपूलची गोदी तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या गोद्यांपैकी एक होती. पण तिथल्या हमालांचं काम अगदी आपल्याकडच्या मजूर नाक्यासारखं. सकाळी ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. मुकादम येणार, गर्दीतून हवी तेवढी माणसं निवडणार, बाकीचे रिकाम्या हातानं घरी. काम मिळालं तरी ते दिवसाचं, कधी अर्ध्या दिवसाचं.

एलेनॉर यांनी या कामगारांच्या परिस्थितीची पाहणी केली. १९०४ साली तिचा अहवाल आला. पण गोदीवर उभं राहून अर्धंच चित्र दिसत होतं. उरलेलं अर्धं घरात होतं.

म्हणून पुढच्या पाहणीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थेट घरखर्चाच्या वह्या धरल्या. आठवड्यात नवऱ्यानं किती आणलं, बायकोच्या हातात किती दिलं, भाडं किती, पाव किती, कोळसा किती, गहाण काय पडलं, उसने कुणाकडून घेतले. १९०९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. नाव होतं ‘हाऊ द कॅज्युअल लेबरर लिव्ह्ज’.

या हिशेबांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. कमाई आणि घरखर्चाला मिळालेली रक्कम हे दोन वेगळे आकडे होते. नवरा आठवड्याला किती कमावतो, हे बऱ्याच बायकांना नीट माहीतच नसायचं. तो जेवढे हातावर टेकवेल, तेवढ्यात घर चालवायचं. कमाई घटली की ओढाताण बाईची आणि पोरांची.

त्याच १९०९ साली एलेनॉर लिव्हरपूलच्या नगरपरिषदेवर अपक्ष म्हणून निवडून आल्या. तिथं निवडून येणाऱ्या त्या पहिल्या महिला. गंमत म्हणजे संसदेच्या निवडणुकीत मत द्यायचा अधिकार त्यांना अजून नव्हता.

युद्धानं दाखवून दिलेला प्रयोग

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. लाखो पुरुष सैन्यात गेले. मागे राहिलेल्या बायकांना सरकारकडून भत्ता सुरू झाला. लिव्हरपूलमध्ये सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेचं काम एलेनॉर यांच्याकडे आलं. हजारो घरांशी संबंध आला.

या भत्त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, रक्कम थेट बायकोला मिळायची. दोन, जितकी मुलं जास्त, तितका भत्ता जास्त.

नीट पाहिलं तर ही फार मोठी उलथापालथ होती. गोदीवरच्या हमालाला दोन पोरं आहेत की सात, याच्याशी मुकादमाला काही देणंघेणं नव्हतं. मजुरी तीच. इथं मात्र पहिल्यांदा पैसा खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबानं घरात येत होता, तोही दर आठवड्याला न चुकता.

बायकांच्या हातात पैसे दिले तर त्या दारूत उडवतील, अशी ओरड वर्तमानपत्रांतून झाली. एलेनॉर यांना दिसत होतं ते वेगळंच. घरमालकाचं थकलेलं भाडं फिटत होतं, पोरांच्या पायात बूट येत होते. युद्धाच्या काळात काही घरांची स्थिती शांततेच्या काळापेक्षा बरी झाली होती.

मग त्यांच्या मनात प्रश्न आला. नवरा लढाईवर असताना जे जमतं, ते तो घरी असताना का जमू नये?

समान वेतनाच्या मागणीतली गोम

याच काळात बायका कारखान्यांत, बसमध्ये, कचेऱ्यांत पुरुषांची कामं करू लागल्या होत्या. त्यामुळे समान कामाला समान वेतन ही मागणी जोरात होती. स्त्रियांच्या चळवळीला ती रास्त वाटत होती आणि एलेनॉर यांनाही.

पण या मागणीला ठरलेलं उत्तर मिळायचं. पुरुषाला बायको-पोरं पोसायची असतात, बाईला फक्त स्वतःचं पोट भरायचं असतं, म्हणून पुरुषाला जास्त.

हे फक्त बोलण्यापुरतं नव्हतं. ऑस्ट्रेलियात १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी हार्वेस्टर खटल्यात एक गाजलेला निकाल दिला. साध्या कामगारालाही दिवसाला ७ शिलिंग मिळालेच पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. हिशेब धरला होता नवरा, बायको आणि सुमारे तीन मुलांचा. ब्रिटनमध्ये समाजसंशोधक सीबोम राउनट्री यांनीही किमान गरजांचा हिशेब मांडताना पाच माणसांचंच घर धरलं.

ऐकायला हे फार छान वाटतं. पण एलेनॉर यांनी १९१७ सालच्या एका लेखात आणि पुढे १९२४ सालच्या ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ या पुस्तकात यातली मेख उघडी केली.

समजा, एकाच टोळीत दोन हमाल आहेत. दोघांना आठवड्याला ४२ शिलिंग मिळतात. पहिल्याच्या घरी तो आणि बायको. माणशी २१ शिलिंग. दुसऱ्याच्या घरी तो, बायको आणि पाच मुलं. माणशी ६. काम समान, पगार समान, पण दुसऱ्या घरात माणशी येणारी रक्कम तिपटीहून कमी.

आता तिसरं घर बघा. तिथं विधवा बाई आहे, पदरात तीन मुलं आहेत. ती कारखान्यात काम करते. तिला पगार मिळतो पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास, कारण नियमाच्या लेखी बाईवर कुणी अवलंबून नसतं. आणि शेजारच्या यंत्रावर काम करणारा बिनलग्नाचा तरुण पूर्ण पगार उचलतो, कारण नियमाच्या लेखी प्रत्येक पुरुषाच्या मागे बायको आणि तीन मुलं असतात.

नसलेल्या बायका आणि नसलेली पोरं

एलेनॉर नुसत्या उदाहरणांवर थांबल्या नाहीत. त्यांनी आकडेवारी काढली. पाच माणसांचं ते आदर्श घर खरोखर किती जणांचं होतं?

इंग्लंडमधल्या कामकरी पुरुषांत नेमकी तीन मुलं सांभाळणारे शंभरात ९ सुद्धा नव्हते. निम्म्याहून अधिक पुरुषांवर एकही लहान मूल अवलंबून नव्हतं. कुणी अविवाहित, कुणाला मूल झालेलं नव्हतं, कुणाची पोरं मोठी होऊन कमावती झाली होती.

म्हणजे सगळ्या पुरुषांना पाच माणसांच्या घराचा पगार दिला, तर त्यात ३० लाख अशा बायकांचा खर्च धरला जात होता ज्या अस्तित्वातच नव्हत्या. आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक अशा मुलांचा, जी कधी जन्मलीच नव्हती. दुसरीकडे तीनपेक्षा जास्त मुलं असलेल्या घरांतली साडेबारा लाखांहून अधिक खरीखुरी मुलं या हिशेबात कुठंच नव्हती.

शिवाय एवढा पगार सगळ्यांना देणं परवडणारंही नव्हतं. ऑस्ट्रेलियात १९२० साली पिडिंग्टन आयोगानं पाच माणसांच्या घराचा खरा खर्च मोजला, तेव्हा तो चालू मजुरीपेक्षा इतका जास्त निघाला की सरकार हादरलं. मग खुद्द पिडिंग्टन यांनीच सुचवलं की पगार नवरा-बायकोपुरता ठेवा आणि मुलांसाठी वेगळा निधी काढा.

फ्रान्समध्ये तर हे सुरूही झालं होतं. ग्रेनोबल शहरातल्या कारखानदारांनी एकत्र येऊन सामाईक निधी उभा केला होता. सगळ्यांनी त्यात पैसे टाकायचे आणि ज्या कामगारांना मुलं आहेत त्यांना त्यातून भत्ता द्यायचा. निधी सामाईक का? कारण प्रत्येक मालकानं आपापल्या खिशातून भत्ता दिला असता, तर पोराबाळांच्या माणसाला कामावरच कुणी घेतलं नसतं.

एलेनॉर यांचं म्हणणं यातून तयार झालं. पगार कामाचा असू द्या, स्त्री असो वा पुरुष, समान. आणि मुलांचा खर्च पगारातून वेगळा काढा, तो समाजानं मिळून उचलावा. एकदा हे झालं की बाईला कमी पगार देण्याचं निमित्तच उरत नाही.

एका घरात दोन पगार

नवरा-बायको दोघंही कमावत असतील तर काय, हा वाद त्या काळीही पेटला होता. आणि त्याची झळ कुणाला बसली? शिक्षिकांना.

युद्धानंतर बेकारी वाढली. एका घरात दोन पगार आणि शेजारी एकही नाही, हे अन्यायाचं आहे, अशी भाषा सुरू झाली. मग ठिकठिकाणच्या परिषदांनी सोपा मार्ग काढला. लग्न झालेल्या शिक्षिकांना नोकरीवरून काढायचं. वेल्समधल्या ऱ्होंडा इथल्या शिक्षिका न्यायालयात गेल्या, पण १९२३ साली हरल्या. सरकारी कचेऱ्यांत तर लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची, हा नियमच होता. तो १९४६ पर्यंत टिकला. नोकरीत राहणाऱ्या शिक्षिकांचा पगारही पुरुष शिक्षकांच्या चार पंचमांशच असायचा.

एलेनॉर तेव्हा स्त्रियांच्या समान नागरिकत्वासाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. १९१९ साली त्यांनी ही जबाबदारी मिलिसेंट फॉसेट यांच्याकडून घेतली होती. संघटनेनं या नियमाला विरोध केला.

पण दोन पगारांच्या घराबद्दलची कुरकुर पूर्ण खोटी होती का? नव्हती. दोन शिक्षकांचं, मूल नसलेलं घर आणि एका हमालाच्या पगारावर सात तोंडं पोसणारं घर, यांत दरी होतीच. फरक होता तो उपायाचा. परिषदा दरी कमी करण्यासाठी बाईचा पगार हिसकावत होत्या. एलेनॉर यांच्या मांडणीत बाईचा पगार तिच्या कामाचा, त्याला हात लावायचा नाही. दरी भरायची तर जिथं मुलं आहेत तिथं पैसा पोचवायचा.

सगळ्याच बाजूंनी विरोध

कल्पना सरळ होती, पण तिला विरोध करणारे फार वेगवेगळे होते.

कामगार संघटनांना भीती वाटत होती की सरकार मुलांचा भत्ता देऊ लागलं, की मालक पगार वाढवायला नकार देतील. पुरुषाच्या पगारावर घर चालतं, याच मुद्द्यावर तर त्या मालकांशी भांडत आल्या होत्या. १९३० साली कामगार संघटनांच्या नेतृत्वानं ही योजना फेटाळली.

उजवीकडच्यांना वाटायचं की बापाची जबाबदारी संपेल, माणसं आळशी होतील. गंमत म्हणजे मिलिसेंट फॉसेट यांनाही तसंच वाटायचं. ज्यांच्या खुर्चीवर एलेनॉर बसल्या, त्याच बाई या प्रश्नावर त्यांच्या विरोधात गेल्या.

पण काही माणसं पटकन वळली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज यांनी १९२४ सालचं पुस्तक वाचलं आणि त्यांचं मत फिरलं. त्यांनी आपल्या संस्थेतल्या प्राध्यापकांना मुलांमागे भत्ता सुरू केला. हेच बेव्हरिज पुढे फार महत्त्वाचे ठरणार होते.

भारतातल्या बायकांनी धरलेला आरसा

१९२९ साली एलेनॉर इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघातून अपक्ष खासदार झाल्या. त्याच सुमारास त्यांचं लक्ष भारताकडे वळलं. अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयो यांचं ‘मदर इंडिया’ त्यांनी वाचलं होतं आणि बालविवाहाच्या वर्णनानं त्या अस्वस्थ झाल्या होत्या.

त्यांनी लंडनमध्ये भारतीय स्त्रियांच्या प्रश्नावर परिषद भरवली. व्यासपीठावर बोलणारे बहुतेक ब्रिटिशच. तिथं हजर असलेल्या धन्वंती रामा राव यांनी उठून हरकत घेतली. भारतीय स्त्रिया आपले प्रश्न सोडवायला समर्थ आहेत, त्यांचा उद्धार करण्याचा मक्ता ब्रिटिश बायकांना कुणी दिला, असा त्यांचा रोख होता. मूळच्या हुबळीच्या या धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना उभी केली.

१९३२ साली एलेनॉर स्वतः भारतात येऊन गेल्या आणि १९३४ साली त्यांनी बालविवाहावर पुस्तकही लिहिलं. शारदा कायदा झाला, पण अंमल होत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. मतदानाच्या प्रश्नावर मात्र त्यांचं आणि भारतीय संघटनांचं पटलं नाही. नवऱ्याची मालमत्ता असेल तर त्याच्या बायकोला मत मिळावं, या तडजोडीला एलेनॉर यांचा पाठिंबा होता. पुण्यात १९२७ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेला ते मान्य नव्हतं. बाईला मत मिळावं ते नागरिक म्हणून, कुणाची बायको म्हणून नको, ही परिषदेची भूमिका.

जी बाई ब्रिटनमध्ये बायकोला नवऱ्याच्या पाकिटातून सोडवायला निघाली होती, तिलाच भारतीय स्त्रियांनी तिचाच मुद्दा ऐकवला होता.

युद्ध आणि विजय

१९३० च्या दशकात एलेनॉर यांनी अंगावर घेतलेली कामं मोजता येणार नाहीत. हिटलरशी नमतं घेण्याला विरोध, स्पेनच्या यादवीतून माणसं सोडवणं, नाझींच्या तावडीतून निसटलेल्या निर्वासितांना व्हिसा मिळवून देणं. कागदांनी फुगलेली पिशवी घेऊन त्या समोरून येताना दिसल्या की मंत्री वाट बदलायचे, असं सांगतात.

पण मुलांच्या भत्त्याचा विषय सुटला नव्हता. १९३६ साली जॉन बॉइड ऑर यांच्या आहार पाहणीनं दाखवलं की उत्पन्न जितकं कमी, तितकं ताट निकृष्ट, आणि देशातली मुलं सगळ्यात गरीब घरांतच जास्त एकवटली आहेत. एलेनॉर हेच कधीपासून सांगत होत्या.

१९४० साली दोन गोष्टी घडल्या. एलेनॉर यांचं कुटुंब भत्त्याची बाजू मांडणारं स्वस्त पुस्तक पेंग्विननं काढलं. आणि अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी युद्धखर्चाच्या आपल्या योजनेत मुलांमागे भत्ता सुचवला. सरसकट पगारवाढ दिली तर महागाई भडकेल, त्यापेक्षा मुलं असलेल्या घरांना नेमकी मदत स्वस्त पडेल, असा त्यांचा हिशेब होता. कामगार संघटनांचा विरोधही हळूहळू मावळला.

मग डिसेंबर १९४२ मध्ये आला बेव्हरिज अहवाल. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया. त्यात मुलांचा भत्ता गृहीतच धरला होता, आठवड्याला सरासरी ८ शिलिंग. सरकारनं प्रत्यक्ष विधेयकात ५ शिलिंगच ठेवले आणि पहिलं मूल वगळलं. एलेनॉर यांनी ते कडू घोट गिळले.

पण भत्ता बापाच्या नावानं, हे त्यांना गिळता आलं नाही. लिव्हरपूलच्या घरखर्चाच्या वह्या त्या विसरल्या नव्हत्या. नवऱ्याच्या खिशात गेलेला पैसा आणि चुलीपर्यंत पोचलेला पैसा यांतलं अंतर त्यांनी मोजलं होतं. स्त्री संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. शेवटी सरकारनं माघार घेतली आणि हा मुद्दा खासदारांच्या खुल्या मतावर सोडला. शब्द बदलला. पैसे आईचे झाले.

जून १९४५ मध्ये कायदा मंजूर झाला. ६ ऑगस्ट १९४६ रोजी ब्रिटनभरच्या टपाल कचेऱ्यांतून भत्ता मिळायला सुरुवात झाली.

ते पाहायला एलेनॉर नव्हत्या. २ जानेवारी १९४६ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

त्यांचं कोडं अजून सुटलेलं नाही

आई की बाप, या एका शब्दानं खरंच फरक पडतो का? १९७० च्या दशकाच्या अखेरीस याचं उत्तर मिळालं. तेव्हा ब्रिटनमध्ये बापाच्या पगारातली कर सवलत बंद करून त्याऐवजी आईला थेट मिळणारा बालभत्ता वाढवण्यात आला. पैसा एका खिशातून दुसऱ्या पर्समध्ये गेला. लंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी १९९७ साली या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. पैसा कुणाच्या हातात पडतो, यावर घरात काय येतं हे ठरत होतं.

दुसरं कोडं आजच्या जोडप्यांचं आहे. समजा चार माणसं आहेत. दोघं वर्षाला ८० हजार पौंड कमावतात, दोघं २० हजार. जास्त कमावणाऱ्यानं कमी कमावणारीशी लग्न केलं, तर दोन्ही घरांत एक-एक लाख येतात. पण सारख्या पगाराच्या माणसांनी एकमेकांशी लग्न केलं, तर एका घरात १ लाख ६० हजार आणि दुसऱ्यात ४० हजार. कुणाचाही पगार एका पैनं बदलला नाही, तरी एका घराची मिळकत दुसऱ्याच्या चौपट झाली. शिकलेल्या, नोकरदार बायकांची संख्या वाढत गेली, तसं हे गणित जगभर महत्त्वाचं ठरत गेलं.

यात समान वेतनाचा दोष नाही. उलट, बायकोचा पगार आला म्हणून कितीतरी गरीब घरं तरली आहेत. पण माणसांची मिळकत मोजली की घरांची मोजली, असं समजलं तर फसगत होते.

आणि ही फसगत खुद्द ब्रिटन सरकारचीही झाली. २०१३ साली श्रीमंतांचा बालभत्ता कमी करायचं ठरलं. नियम असा केला की घरातल्या कुणा एकाचं वार्षिक उत्पन्न ५० हजार पौंडांच्या वर गेलं की भत्ता कापायला सुरुवात, आणि ६० हजारांवर तो पूर्ण परत. मग झालं असं की एकट्याच्या ६० हजारांवर चालणाऱ्या घरानं सगळा भत्ता गमावला. आणि दोघांचे ५०-५० हजार, म्हणजे घरात १ लाख येणाऱ्या जोडप्याचा भत्ता शाबूत राहिला. २०२४ साली ही मर्यादा ६० हजारांवर नेली, पण मोजमाप अजून एकट्या माणसाच्याच पगाराचं आहे.

लिव्हरपूलच्या गल्ल्यांत घरखर्चाच्या वह्या चाळणाऱ्या एलेनॉर यांना यातली चूक एका नजरेत दिसली असती. पगाराच्या चिठ्ठीवर एकाचंच नाव असतं. ताटं किती मांडायची, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.